चढत्या हवेचा माग: ग्लायडर उंच टिकवून ठेवण्याची रीत

इंजिन नसलेले ग्लायडर हवेत असते तोवर प्रत्येक क्षणी खालीच येत असते, ही गोष्ट शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात पक्की करून घ्यावी. शिकाऊ वैमानिकांसाठी वापरले जाणारे दोन आसनी ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला साधारण ०.८ मीटर उतरते. म्हणजे विंचने (दोर गुंडाळत ग्लायडर वर ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने) ते ३०० मीटर उंचीवर सोडले आणि वैमानिकाने केवळ ते सरळ उडवले, तर सुमारे सहा मिनिटांत उड्डाण संपते. तरीही तेच ग्लायडर चार-पाच तास वर राहू शकते, कारण ज्या हवेतून ते उतरत आहे ती हवाच त्याहून अधिक वेगाने वर चढत असू शकते. हवा सेकंदाला तीन मीटर चढत असेल आणि वळणात ग्लायडर सेकंदाला एक मीटर उतरत असेल, तर निव्वळ लाभ दोन मीटरांचा होतो आणि ५०० सेकंदांत १,००० मीटर उंची हाती येते. अशी हवा शोधणे, तिच्या गाभ्यात राहणे आणि ती वेळेवर सोडणे या तीन गोष्टींवर सगळे उड्डाण अवलंबून असते.

पुढील विवेचन पुण्याजवळच्या हडपसर ग्लायडिंग केंद्राच्या आसपासचा मुलूख, म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिम कड, डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. ते प्रशिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. दुहेरी नियंत्रणाच्या ग्लायडरमध्ये प्रशिक्षकासोबत बसून जे शिकायचे त्याची पूर्वतयारी म्हणून ते वाचावे.

दिवस कसा ओळखावा

ऊन थेट हवेला फारसे तापवत नाही, ते जमिनीला तापवते आणि जमीन तिला लागून असलेल्या हवेला. सभोवतालच्या हवेपेक्षा उष्ण झालेली ही हवा हलकी होऊन सुटते आणि वर चढू लागते. यालाच वैमानिक थर्मल म्हणतात. कोरडी हवा चढताना दर १०० मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअस थंड होत जाते. थर्मल किती उंच जाईल, हे वरची हवा उंचीनुसार किती थंड होत गेली आहे यावर ठरते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पुण्यात जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असतो आणि त्याच्या वर तुलनेने उबदार हवा असते. हा थर मोडण्याइतकी जमीन तापेपर्यंत कितीही लख्ख ऊन असले तरी थर्मल वर निघत नाही, म्हणून हिवाळ्यात बारा वाजण्याआधी लांबलेल्या उड्डाणाची अपेक्षा धरू नये. मार्च ते मे या काळात मात्र कोरडी जमीन, उघडा कातळ आणि प्रखर ऊन यांमुळे थर्मल लवकर सुरू होतात, उंच जातात आणि जोरकस असतात.

ढगांचा तळ किती उंचीवर असेल याचा अंदाज उड्डाणाआधी कागदावर काढता येतो. जमिनीजवळचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते ते) यांच्यातील फरकाला १२५ ने गुणले की तळाची उंची मीटरमध्ये मिळते. एप्रिलमध्ये तापमान ३८ अंश आणि दवबिंदू १४ अंश असेल, तर फरक २४ अंशांचा आणि तळ जमिनीपासून सुमारे ३,००० मीटरवर. ऑक्टोबरमध्ये ३१ आणि १९ अंश असतील तर तो १,५०० मीटरवर येतो. हवा फारच कोरडी असेल तर ढग तयारच होत नाहीत. असे निरभ्र थर्मलचे दिवसही उत्तम असू शकतात, फक्त आकाशातील खुणा नसल्यामुळे जमिनीवरच्या खुणांवर अधिक विसंबावे लागते. गणिताने निघालेली उंची म्हणजे परवानगी नव्हे. लोहगावचा विमानतळ जवळ असल्यामुळे या परिसरात किती उंच आणि कुठवर जायचे ते हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेल्या मर्यादेनेच ठरते.

जमीन आणि आकाश वाचणे

सगळी जमीन सारखी तापत नाही, आणि शोधायचा असतो तो नेमका हा फरक. पाणी दिलेला उसाचा फड दिवसभर थंड राहतो, कारण उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते; त्याच्या शेजारची नांगरून टाकलेली काळी, कोरडी जमीन भराभर तापते. उघडे माळरान, दगडखाणी, पत्र्याच्या छपरांच्या औद्योगिक वसाहती, डांबरी पार्किंग आणि सूर्याकडे तोंड असलेले डोंगरउतार ही थर्मलची नेहमीची उगमस्थाने होत. तापलेली हवा मात्र तापली त्याच जागी सुटते असे नाही. ती जमिनीलगत वाऱ्याबरोबर सरकत जाते आणि झाडांची रांग, कालव्याची कड, टेकडीचा माथा अशा एखाद्या अडथळ्याशी उचलली जाते. म्हणून तापलेल्या शेताच्या मध्यावर शोधण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेने त्याची जी कड असेल तिच्या वर शोधावे. दिवे घाटाच्या बाजूचे डोंगर दुपारी उपयोगी पडतात ते याच कारणाने: तिथे तापलेला उतार आणि हवेला उचलणारी कड या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

उन्हाळ्यात उठणारी वावटळ ही थर्मलच्या पायाची सर्वांत स्पष्ट खूण आहे. पुरेशी उंची असेल तर तिच्या वर जावे. कमी उंचीवर मात्र तिच्या जवळही जाऊ नये, कारण तिथल्या फिरत्या वाऱ्यात पंखावरून वाहणाऱ्या हवेचा वेग एकाएकी पडू शकतो. ऊसतोडीनंतर पाचट पेटवले जाते तेव्हा त्याचा धूर वाऱ्याची दिशा आणि जोर दोन्ही दाखवतो. दोन ठिकाणचे धूर एकमेकांकडे झुकलेले दिसले तर त्यांच्या मधल्या जागेत हवा वर जात आहे असे समजावे.

घारींचा अनुभव कुठल्याही उपकरणापेक्षा जुना आहे. पंख न हलवता, एकाच जागी वर्तुळे घेत वर जाणारी घार दिसली की निःशंकपणे तिकडे वळावे. तिचे वर्तुळ ग्लायडरपेक्षा पुष्कळ लहान असते, त्यामुळे ती चढते त्या प्रत्येक थर्मलमध्ये आपल्याला चढता येईलच असे नाही, पण गाभा कुठे आहे हे ती अचूक दाखवते. तरी नुसता घारींचा थवा ही पुरेशी खूण मानू नये. कचरा डेपोवर त्या अन्नासाठी जमतात, आणि तिथे चढती हवा मिळण्यापेक्षा पक्षी काचेवर आदळण्याची शक्यता जास्त असते. पक्षी पंख मारतो आहे की स्थिर ठेवून चढतो आहे, हे काही सेकंद नीट पाहिले तर गफलत होत नाही.

ढग असतील तर त्यांचे वय पाहावे. नव्याने बांधला जाणारा पुंजमेघ वरून फुलकोबीसारखा ठसठशीत आणि खालून सपाट, गडद असतो. त्याच्याखाली थर्मल जिवंत असतो. कडा विस्कटलेल्या, तळ फाटलेला आणि रंग फिकट झालेला ढग विरत असतो, आणि त्याच्याखाली बहुधा उतरती हवाच मिळते. ढग जवळ येईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहणे उपयोगाचे नाही. आधीच्या थर्मलमध्ये फिरत असतानाच प्रत्येक फेरीत समोरच्या ढगांवर नजर टाकावी, म्हणजे कोणता वाढतो आहे आणि कोणता मावळतो आहे ते कळते. वारा असेल तर थर्मल कललेला असतो, म्हणून कमी उंचीवर शोधताना ढगाच्या ठीक खाली न शोधता वारा येतो त्या बाजूला सरकून शोधावे.

गाभा धरणे

चढत्या हवेच्या वेगाचे मुख्य उपकरण म्हणजे व्हेरिओमीटर. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील वासरकुपे डोंगरावर रॉबर्ट क्रोनफेल्ड या ऑस्ट्रियन वैमानिकाने त्याचा प्रभावी वापर सुरू केला, आणि तेव्हापासून डोंगरापासून दूर जाऊन थर्मलवर उडणे शक्य झाले. या उपकरणाच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली, साधा व्हेरिओमीटर, म्हणजे व्हेरिओ, नियंत्रणाची दांडी मागे ओढल्यावरही चढ दाखवतो. ताशी १२० किलोमीटरवरून वेग ९० वर आणला तर ग्लायडर स्थिर हवेतही सुमारे २५ मीटर वर जाते, आणि तो लाभ हवेचा नसून आपल्याच वेगाचा असतो. हा दोष दूर करणारी जोडणी आता बहुतेक ग्लायडरमध्ये असते, तरी वेग स्थिर ठेवण्याची सवय सोडू नये. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे: काटा दोन-तीन सेकंद उशिरा सांगतो. म्हणून चढत्या हवेचा पहिला निरोप शरीराने घ्यायचा असतो. आसन खालून दाबल्यासारखे वाटते, वाऱ्याचा आवाज किंचित बदलतो, आणि पुष्कळदा एक पंख आपोआप उचलला जातो.

पंख उचलला गेला, तर थर्मल त्या बाजूला आहे. ग्लायडर आपल्याला दुसऱ्या बाजूला लोटू पाहत असते, आणि नवशिका बहुधा त्याला तसे जाऊ देतो. त्याउलट उचललेल्या पंखाच्या दिशेने वळायचे असते. मात्र पहिल्या धक्क्यालाच वळू नये. दोन-तीन सेकंद सरळ जाऊन काटा चढत राहिला तर, ज्या बाजूला वळायचे तिकडे मागेपर्यंत पाहून, निश्चयाने वळावे. कल, म्हणजे पंखांचा क्षितिजाशी होणारा कोन, ३५ ते ४० अंशांचा असावा. ताशी ९० किलोमीटर वेग आणि ४० अंशांचा कल असेल तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर होते आणि एक फेरी १९ सेकंदांत पूर्ण होते. कल ३० अंशांवर आणला तर त्रिज्या ११० मीटरपर्यंत वाढते. आपल्याकडचे थर्मल कमी उंचीवर अरुंद असतात, त्यामुळे भीतीपोटी घेतलेली पसरट वळणे बरीचशी गाभ्याच्या बाहेरच पडतात. कल वाढला की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख ग्लायडरला पेलू शकत नाहीत तो वेगही वाढतो. ४० अंशांच्या वळणात तो सरळ उड्डाणातल्यापेक्षा सुमारे १४ टक्के अधिक असतो, म्हणून वेगात तेवढी भर आधीच घातलेली असावी.

आता पहिली फेरी पूर्ण करावी. अर्ध्या फेरीत काटा खाली गेला म्हणून दिशा उलटवणे ही नेहमीची चूक आहे. तसे केल्याने नुकतीच मिळालेली माहिती वाया जाते आणि आपण गाभ्यापासून आणखी दूर जातो. फेरी चालू ठेवावी आणि सर्वांत जोरदार चढ कोणत्या दिशेला तोंड असताना जाणवला ते जमिनीवरच्या खुणेवरून लक्षात ठेवावे. समजा, आपण उजवीकडे वळत आहोत आणि जोरदार चढ लोहगावकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड असताना जाणवला. त्या क्षणी ग्लायडर वर्तुळाच्या पश्चिम कडेवर होते. याचा अर्थ गाभा आपल्या वर्तुळाच्या मध्यापासून पश्चिमेला आहे. तेव्हा पुढच्या फेरीत पुणे शहराकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड होताच पंख दोन-तीन सेकंद सपाट करावेत आणि मग पुन्हा उजवीकडे तोच कल द्यावा. एवढ्याने वर्तुळ ५० ते ७५ मीटर गाभ्याकडे सरकते. थोडक्यात, जिथे चांगले वाटले तिथे पोहोचल्यावर नव्हे, तर त्याच्या पाव फेरी आधी सरळ व्हायचे असते. खूण काट्यावरून घेतली असेल तर त्याचा उशीर जमेस धरून आणखी थोडे आधी. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि तिचा परिणाम पुढच्या पूर्ण फेरीत तपासावा. सगळीकडे सारखा चढ लागू लागला की गाभा सापडला असे समजावे. तरीही तो हलतो, कलतो, दुभंगतो, म्हणून लहान दुरुस्त्या चालूच राहतात.

या सगळ्या वेळात नजर काट्यावर खिळलेली नसावी. ज्या व्हेरिओला आवाज असतो तो याचसाठी उत्तम. काचेवर समोर चिकटवलेला लोकरीचा तांबडा धागा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत राहतो. तो सरळ असेल तर वळण स्वच्छ आहे. धाग्याचे मोकळे टोक उजवीकडे गेले तर सुकाणूचे डावे पेडल, डावीकडे गेले तर उजवे पेडल पायाने हलकेच दाबावे. वाकडे उडणारे ग्लायडर थर्मलचा बराच लाभ हवेच्या अवरोधात घालवते, आणि कमी वेगात तसेच उडत राहिले तर स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली कोसळण्याच्या स्थितीत, जाऊ शकते.

थर्मलमध्ये दुसरे ग्लायडर आधीपासून असेल तर ते ज्या दिशेला वळत आहे त्याच दिशेला आपण वळायचे, मग आपल्याला कोणतीही बाजू सोयीची असो. आत शिरताना बाहेरून, त्याच्या वर्तुळाला स्पर्श करत, त्याला दिसत राहू अशा रीतीने शिरावे, आणि शक्यतो वर्तुळात त्याच्या विरुद्ध बाजूला राहावे. ज्याच्याकडे आपली नजर पोहोचत नाही, त्याच्या वर किंवा खाली राहू नये. या नियमांत कुणाच्या मोठेपणाचा वा अनुभवाचा अपवाद नाही.

सोडणे आणि पुढे जाणे

चढ कमी होऊ लागला की रेंगाळू नये. सेकंदाला दोन मीटरचा थर्मल वर जाता जाता अर्ध्या मीटरवर आला, आणि पुढे चांगला ढग दिसत असेल, तर निघावे. दोन थर्मलच्या मध्ये बहुधा उतरती हवा असते. तिच्यातून जाताना नाक खाली करून वेग वाढवावा आणि चढती हवा लागली की वेग कमी करावा, कारण वाईट हवेत कमी वेळ आणि चांगल्या हवेत अधिक वेळ घालवायचा असतो. नेमका किती वेग ठेवावा याचे गणित पॉल मॅक्रेडी यांच्या नावाने ओळखले जाते. १९५६ साली ते ग्लायडिंगचे जगज्जेते झाले, आणि माणसाच्या पायांच्या बळावर उडणारे ‘गॉसमर काँडोर’ हे १९७७ सालचे विमानही त्यांचेच. नवशिक्याने त्यातले एवढे तत्त्व घ्यावे: पुढचा थर्मल जेवढा जोरदार मिळण्याची खात्री, तेवढे वेगाने जावे, खात्री नसेल तर उंची जपत जावे.

ढगाच्या तळाशी पोहोचण्याआधीच थर्मल सोडावा. ढगात शिरल्यावर क्षितिज नाहीसे होते आणि काही सेकंदांत वर-खालीचे भान जाते. वळिवाच्या दिवसांत तर अधिकच सावध राहावे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पुंजमेघ वाढत वाढत गडगडाटी ढग होतो, त्याच्याखाली सर्वत्र चढ मिळू लागतो, आणि हा सहज मिळणारा चढच धोक्याचा इशारा असतो. २००७ साली ऑस्ट्रेलियातील मनिला येथे एव्हा विश्निएर्स्का या पॅराग्लायडर वैमानिकेला अशा ढगाने ९,९०० मीटरांहून अधिक उंचीवर खेचून नेले. बेशुद्धावस्थेतून ती वाचली, तो केवळ योग. वळिवाचा ढग दूर असतानाच उतरावे, कारण त्याच्यातून निघालेला थंड वारा पाऊस येण्याच्या पुष्कळ आधी धावपट्टीवर पोहोचतो.

डोंगर आणि लाटा

चढत्या हवेचे दुसरे साधन म्हणजे डोंगराला आडवा भिडणारा वारा. तो वर वळतो आणि उताराच्या समोर एक चढता पट्टा तयार होतो. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडर याच पट्ट्यात येरझाऱ्या घालतात. येथे पूर्ण वर्तुळ न घेता इंग्रजी आठच्या आकारात, प्रत्येक वेळी डोंगरापासून दूर वळावे. समोरून दुसरे ग्लायडर आले तर ज्याच्या डाव्या हाताला डोंगर असेल त्याने बाजूला व्हावे. माथ्याच्या मागे कधीही जाऊ नये, तिथे हवा खाली कोसळत असते. वारा टिकून राहील तोवर ही चढती हवा संपत नाही. १९५२ साली शार्ल आत्झे या फ्रेंच वैमानिकाने एकट्याने ५६ तास १५ मिनिटे उड्डाण केले. वैमानिक झोपेने कोसळू लागल्यामुळे पुढे असे विक्रम नोंदवणेच बंद झाले.

डोंगराच्या मागच्या बाजूला, योग्य हवामानात, हवेच्या उभ्या लाटा तयार होतात, आणि भिंगाच्या आकाराचे, जागा न सोडणारे ढग त्यांची खूण असतात. सप्टेंबर २०१८ मध्ये अर्जेंटिनातील एल कालाफाते येथून निघालेले ‘पर्लान २’ हे ग्लायडर अशाच लाटांवर २२ किलोमीटरहून अधिक उंच गेले. हा विषय प्राणवायूच्या उपकरणांसह वेगळे प्रशिक्षण मागतो, म्हणून त्याचा येथे केवळ उल्लेख केला आहे.

उतरण्याचा निर्णय

जमिनीपासून २,००० फुटांच्या वर असताना चढती हवा मोकळेपणाने शोधावी. १,५०० फुटांवर आल्यावर, शोध चालू असला तरी, वारा जमेस धरूनही धावपट्टी सहज गाठता येईल अशाच जागी राहावे. थर्मलमध्ये फिरताना ग्लायडर वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि परतीचे अंतर समोरच्या वाऱ्यात कापावे लागते, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. लांबच्या उड्डाणात धावपट्टी आवाक्यात नसेल तर याच उंचीवर शेत निवडलेले असावे: रब्बी काढून मोकळे झालेले, बांधांनी न तोडलेले, आणि विजेच्या तारा व विहिरी नसलेले. वरून हिरवागार, मऊ दिसणारा ऊस माणसाहून उंच असतो, त्यामुळे तो कधीही निवडू नये. तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधावेत.

सर्किटच्या (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरावीक फेरीच्या) उंचीवर, म्हणजे सुमारे ८०० फुटांवर आल्यावर शोध संपला असे समजावे, आणि त्यानंतर व्हेरिओ कितीही वर गेला तरी वळू नये. उन्हाळ्यात दुपार उतरताना पश्चिमेकडून समुद्रावरची थंड, दमट हवा घाट चढून पुण्यापर्यंत येते आणि थर्मल थोड्याच वेळात बंद पडतात. पश्चिमेकडचे ढग एकामागून एक विरू लागले की परतीला लागावे, सर्किटमध्ये शिरण्याआधी वाऱ्याची पिशवी पुन्हा पाहावी आणि वाऱ्याची दिशा बदलली असेल तर उतरण्याची बाजूही बदलावी.